देव न मानणारी आई मुलाला खरं-खोटं कशाच्या आधारावर शिकवणार?

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून)

सप्रेम नमस्कार,

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं किराणा दुकान आहे. सासऱ्यांनी उभं केलं, आता मी आणि माझे पती बघतो. सासरे माळकरी आहेत, वारी चुकवत नाहीत. त्यांनी आयुष्यात कधी काटा मारला नाही. काट्यावरचा आकडा गिऱ्हाइकाकडे फिरवून ठेवायचा हा त्यांचा दंडक आम्हीही पाळतो.

मी बी.एस्सी. केलं आहे. गेल्या काही वर्षांत माझी देवावरची श्रद्धा हळूहळू गेली. कुणावर राग नाही, काही वाईट घडलं असंही नाही. घरात मी हे लपवलं नाही आणि मिरवलंही नाही.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. परवा बाबा, म्हणजे सासरे, त्याला म्हणाले, "काटा मारायचा नसतो, वर पांडुरंग बघतो." त्यावर तो म्हणाला, "आई तर म्हणते पांडुरंग नाहीच. मग आई काटा मारणार का?" सगळे हसले. मला हसता आलं नाही. रात्री बाबा मला शांतपणे म्हणाले, "पोरी, तू मारणार नाहीस हे मला ठाऊक आहे. पण तू उभी आहेस ती आम्हीच घातलेल्या पायावर. तुझ्या मुलाला तू कोणता पाया देणार? तुझं विज्ञानसुद्धा शेवटी विश्वासावरच चालतं. माणसाला कुठेतरी टेकावंच लागतं."

मला उत्तर सुचलं नाही. मुलासाठी मी श्रद्धा असल्यासारखं वागावं का? संध्याकाळी शुभंकरोतीला त्याच्याजवळ बसावं का? यंदा आषाढीला बाबा त्याला चार मुक्काम वारीत नेणार म्हणताहेत, पाठवू का? आणि खरंच, श्रद्धेशिवाय ज्ञानाला आणि नीतीला आधार असतो का?

एक वाचक

प्रिय ताई,

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला ती लक्षात ठेवता येईल. मी देव मानते. संध्याकाळी दिवा लावते, एकादशी करते, अडचणीत पहिलं नाव त्याचंच तोंडी येतं. तरीही त्या रात्रीच्या बाबांच्या बोलण्याशी मी सहमत नाही. श्रद्धा माणसाला पुष्कळ काही देते. पण खरं काय आणि योग्य काय हे ज्यावर ठरतं तो पाया ती नव्हे, अगदी माझ्यासारख्या श्रद्धाळू बाईच्या बाबतीतही नव्हे. बाबांनाही हे पटू शकेल असं मला वाटतं, कारण ते आयुष्यभर दुकानात जे करत आले त्यातच हे सगळं आहे.

आधी ज्ञानाचं बघू. 'कुठेतरी टेकावंच लागतं' हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. साधारण अठराशे वर्षांपूर्वी बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवायची खात्रीची साधनं, मानणाऱ्यांना यातच पकडलं होतं. तुम्ही म्हणता वस्तू प्रमाणांनी सिद्ध होतात, मग प्रमाणं कशाने सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर त्यांना तिसरी लागतील, तिसऱ्यांना चौथी. प्रमाणं आपोआप सिद्ध आहेत म्हणाल तर मग वस्तूंनीच काय घोडं मारलं आहे? या पेचावर न्यायसूत्रांतला, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथातला, जो दाखला उपयोगी पडतो तो तुमच्या घरात सगळ्यांना चटकन कळेल. तो तराजूचा आहे. तराजूने सोनं मोजतात. पण तराजूबद्दलच शंका आली, तर ज्याचं वजन पक्कं माहीत आहे असं सोनं टाकून तराजू तपासता येतो. जे मोजतं ते वेळ आली की स्वतःही मोजलं जातं.

आता तुमचा काटा घ्या. त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो आणि इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी पुन्हा तपासून घ्यावा लागतो. निरीक्षक प्रमाणित वजनं घेऊन येतो. ती वजनं वरच्या दर्जाच्या वजनांशी ताडलेली असतात, ती त्याहून वरच्या. ही साखळी जिथे संपायची तिथे खरोखरच एक शेवटचा आधार होता. पॅरिसजवळच्या सेव्र या गावी तिजोरीत ठेवलेला, प्लॅटिनम आणि इरिडियमचा एक लहानसा दंडगोल. १८८९ पासून जगभरात जिथे जिथे 'एक किलो' म्हटलं गेलं तिथे तिथे अर्थ होता, 'त्या ठोकळ्याइतकं'. त्याच्या प्रती देशोदेशी दिल्या होत्या. आपली ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे.

या प्रती मधूनमधून परत नेऊन मुळाशी ताडून पाहत. तेव्हा दिसलं की मूळ ठोकळा आणि प्रती यांच्यात शंभर वर्षांत साधारण ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला आहे. साखरेच्या एका दाण्याहूनही कमी, पण शास्त्रज्ञांची झोप उडवायला पुरेसा. प्रती जड झाल्या की मूळ हलका झाला? हे सांगायची सोयच नव्हती. तो ठोकळा म्हणजेच किलो अशी व्याख्या असल्यामुळे तो चुकणं शक्यच नव्हतं. तो झिजला तरी कागदोपत्री बाकीचं जग जड झालं असंच म्हणावं लागलं असतं. शेवटी २० मे २०१९ पासून त्या ठोकळ्याचा हा मान काढून घेतला आणि किलोची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका कधीही न बदलणाऱ्या संख्येवर, बांधली. ज्या प्रयोगशाळेकडे तशी उपकरणं आहेत ती आता किलो स्वतः सिद्ध करून पाहू शकते, कुणाच्या तिजोरीकडे बघावं लागत नाही.

ही हकिगत बाबांना जरूर सांगा, आयुष्यभर वजनमापात घालवलेल्या माणसाला ती आवडेल. जो आधार तपासताच येत नाही तो भक्कम असतो असं नाही, तो फक्त तपासणीबाहेर असतो. आणि असा आधार सोडल्यावर जगाचे व्यवहार कोसळले नाहीत. तुमच्या दुकानात १९ मेला आणि २० मेला साखर सारखीच मोजली गेली.

तरी बाबांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे आणि ती तुम्ही मान्य करायला हवी. आपण सगळेच बहुतेक वेळ दुसऱ्याच्या शब्दावर चालतो. प्लांकचा स्थिरांक मी मोजलेला नाही, तुम्हीही नाही. आपल्या शास्त्रकारांनी 'शब्द' हे वेगळं प्रमाण मानलं ते उगाच नव्हे. प्रश्न इतकाच की तो शब्द देणारा माणूस चुकला तर ते कळायची वाट उघडी आहे का.

मुंबईतलं एक उदाहरण देते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. पुढे लाखो लोकांना ती दिली गेली. मग १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिनला पदावरून दूर केलं गेलं. त्याच्यावर विश्वास असलेल्यांनी 'आमचा विश्वास आहे' एवढंच म्हणून भागणार नव्हतं. कुठली बाटली, कुणी उघडली, चिमटा कुठे पडला, तो निर्जंतुक केला होता का, असा एकेक धागा तपासावा लागला. ते सगळे १९ जण एकाच बाटलीतली लस घेतलेले होते आणि दोष त्या ठिकाणी बाटली उघडताना शिरला होता, हे मान्य होऊन तो निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. पुढे परळला हललेली ती प्रयोगशाळा आज त्याच्या नावाने ओळखली जाते. हा माणूस पुढच्या आयुष्यात आपला ज्यू धर्म मनापासून पाळणारा होता. पण लसीचा भरवसा त्याच्या धर्मावर नव्हता, आणि त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांनीही तो आधार मागितला नाही. विज्ञानाचा विश्वास असा असतो. तो ठेवता येतो आणि कारण मिळालं तर काढूनही घेता येतो. पांडुरंगावरचा माझा विश्वास तसा नाही. तो पुरावे मागत नाही आणि मीही त्याच्याकडून पुराव्याचं काम करून घेत नाही.

आता नीतीकडे येते. तुमच्या मुलाने विचारलं ते खरं तर इथेच येऊन थांबतं.

बाबा वारकरी आहेत म्हणून पंढरपूरचीच गोष्ट घेते. चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वारासमोर आहे, नामदेव पायरीजवळ. आत नाही. सहाशे वर्षं लाखो भाविक त्या समाधीवर डोकं टेकवून आत जात होते आणि चोखोबांच्या जातीच्या माणसाला आत सोडायचं नाही हेही मानत होते. त्यांची श्रद्धा खोटी नव्हती. त्यात पायाला फोड येईपर्यंत चालत आलेली माणसं होती. १९४७ साली साने गुरुजींनी याच विठ्ठलासाठी पंढरपुरात १ मेपासून १० मेपर्यंत उपोषण केलं, त्याआधी महिनोन्महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांना विनवलं, आणि मंदिर अस्पृश्यांना खुलं करण्याचा मार्ग मोकळा झाला. गुरुजींची श्रद्धा कुणाहून कमी नव्हती. आणि त्यांना विरोध करणारेही शास्त्र आणि देव यांचीच साक्ष काढत होते.

देव एकच, मंदिर एकच, श्रद्धा दोन्हीकडे. मग बरोबर कोण हे कशावरून ठरलं? श्रद्धेवरून ठरणं शक्य नव्हतं, ती दोन्ही बाजूंना सारखीच होती. बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघितलं, त्याच्यावर काय गुदरतं ते मनावर घेतलं, आणि 'माझ्या बाबतीत हे मला चाललं असतं का' असं स्वतःला विचारलं, त्यातून ते ठरलं. मग त्या उत्तराच्या उजेडात आपण शास्त्रातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते निवडलं. बाबांना विचारा, आज कुणी पोथी उघडून दाखवली की अस्पृश्यता पाळावी असं यात लिहिलं आहे, तर ते पाळतील का? पाळणार नाहीत. म्हणजे पोथीला जोखणारं काहीतरी त्यांच्यापाशी पोथीच्या आधीपासून आहे. तुकोबांनी तर खऱ्या-खोट्याला आपल्या मनालाच साक्षी ठेवलं आणि बहुमत मानलं नाही, हे बाबा मला शिकवतील.

'देव सांगतो म्हणून चांगलं' असं म्हटलं की नीतीचीही त्या सेव्रच्या ठोकळ्यासारखी अवस्था होते. देवाच्या नावाने कुणी काहीही सांगितलं तरी ते व्याख्येनेच बरोबर ठरतं आणि चूक झाली हे म्हणायला जागाच उरत नाही. मला माझा देव असा नको आहे. तो चांगला आहे असं मी म्हणते तेव्हा चांगलं म्हणजे काय हे मला थोडंतरी आधी कळलेलं असतं, नाहीतर त्या स्तुतीला काही अर्थच राहत नाही.

मुलांनाही हे कळतं, आपल्याला वाटतं त्याहून बरंच लवकर. अमेरिकेत लॅरी नुची आणि इलियट ट्युरिएल या मानसशास्त्रज्ञांनी कडक धार्मिक घरांतल्या, आमिश-मेनोनाइट आणि सनातनी ज्यू कुटुंबांतल्या मुलांशी बोलून १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना विचारलं होतं, की सुटीच्या पवित्र दिवशी काम करू नये असा नियम देवाने केलाच नसता तर? बहुतेक मुलं म्हणाली, मग काम करायला हरकत नव्हती. मग विचारलं, देवाने चोरी करा असं सांगितलं असतं तर? बहुतेक मुलं म्हणाली, तरीही चोरी वाईटच. का, तर ज्याचं जातं त्याचं नुकसान होतं. देवाला मनोभावे मानणाऱ्या घरांतली ही मुलं आहेत. पूजेचे नियम एका प्रकारचे आणि दुसऱ्याला इजा न करण्याचे नियम वेगळ्या प्रकारचे, हे त्यांना कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं. तुमच्या मुलाने 'मग आई काटा मारणार का' असं विचारलं तेव्हा त्याचं डोकं याच कामाला लागलं होतं. त्या प्रश्नाला घाबरू नका. तो कुठल्याही पाठांतरापेक्षा मोलाचा आहे.

राहिला 'तू आमच्याच पायावर उभी आहेस' हा मुद्दा. बाबांच्या बोलण्यात हाच सगळ्यांत वजनदार आहे आणि तो त्यांनी प्रेमाने मांडला आहे. यातलं खरं आहे तेवढं मोकळ्या मनाने मान्य करा. खरेपणा तुम्ही श्रद्धाळू घरांत शिकलात, दोन्ही घरांत. पण एखादी गोष्ट कुठून आली हा एक प्रश्न झाला आणि ती आज कशावर टिकून आहे हा वेगळा. आगरकरही टेंभूसारख्या गावातल्या, देवधर्म मानणाऱ्या घरातूनच आले. ते अज्ञेयवादी झाले. एम.ए. होऊन मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती, तर आईला पत्र लिहून कळवलं की पोटापुरत्या पैशावर संतोष मानून सगळा वेळ लोकांच्या कामाला देणार आहे. तसंच केलं. कोल्हापूरच्या दिवाणावर टीका केल्याच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळकांबरोबर १०१ दिवस तुरुंगात काढले. पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली तरी लिहिणं थांबवलं नाही. १८९५ मध्ये गेले तेव्हा ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते, वय अवघं ३८. वरून कुणी बघतं आहे असं त्यांनी धरलेलं नव्हतं. टिळक देव मानणारे, आगरकर न मानणारे, आणि पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलसाठी दोघांनी केलेला त्याग सारखाच.

एक माणूस अपवाद असू शकतो असं बाबा म्हणतील. मग अवतीभवतीच्या घरांकडे बघा. तुमच्या सांगली-कोल्हापूर भागात जैन समाज मोठा आहे. जग निर्माण करून वरून न्याय करणारा ईश्वर जैन दर्शनात नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो माणसांनी धम्म घेतला, त्यांच्या घरांत आता तिसरी-चौथी पिढी वाढते आहे. धम्मात देवाला जागा नाही, त्या जागी नीती आहे, हे बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्या घरांतल्या आया मुलांना खरं बोलायला शिकवतातच ना? आता इथे एक प्रामाणिक सूट द्यायला हवी. जैन परंपरेत कर्माचा सिद्धांत आहे आणि तोही एक विश्वासच आहे. तेव्हा जैन घरं म्हणजे कुठल्याही श्रद्धेशिवाय जगणारी माणसं असं मी म्हणणार नाही. पण 'वर बघणारा कुणी नसेल तर नीती कोसळते' हे विधान तुमच्या शेजारच्या गल्लीतच खोटं ठरतं.

गांधीजींनाही हा प्रश्न पडला होता. 'ईश्वर सत्य आहे' असं ते आधी म्हणत, १९३१ साली त्यांनी ते उलटं करून 'सत्य हाच ईश्वर' असं मांडलं. पुढे गोरा, म्हणजे आंध्रातले गोपराजू रामचंद्र राव, उघड नास्तिक, अस्पृश्यता निवारणाच्या कामातून त्यांच्याजवळ आले. गोरांनी आपल्या मुलीचं लग्न अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या तरुणाशी ठरवलं. ते सेवाग्रामला लावायचं कबूल करताना गांधीजींनी विधीत ईश्वराच्या नावाऐवजी सत्याचं नाव घ्यायला मान्यता दिली. ते लग्न झालं मार्च १९४८ मध्ये, गांधीजी गेल्यानंतर. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करणारा तो माणूस नास्तिकाला 'तुला पाया नाही' असं म्हणाला नाही, हे बाबांच्या कानावर घाला.

देशानेही यावर मत दिलेलं आहे. १७ ऑक्टोबर १९४९ ला संविधान सभेत ह. वि. कामतांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी अशी सूचना मांडली. मतदान झालं, बाजूने ४१ आणि विरोधात ६८. विरोध करणारे सगळे काही नास्तिक नव्हते. आपली श्रद्धा दुसऱ्यावर लादू नये, असं त्यांच्यातले काही म्हणत होते. आजही कोर्टात साक्षीदाराला ईश्वराची शपथ घेता येते किंवा नुसतं गांभीर्याने सत्य सांगेन असं म्हणता येतं. खोटी साक्ष दिली तर शिक्षा दोघांना सारखीच.

एवढं सगळं तुमच्या बाजूने बोलले, आता थोडं कडू. श्रद्धा सुटली म्हणून माणूस आपोआप विवेकी होत नाही. १९७५ ते १९७९ या काळात कंबोडियात ज्या राजवटीने लाखो माणसं मारली तिने धर्म मोडीत काढला होता. नास्तिकपणाने तिला थांबवलं नाही. श्रद्धाळू माणसाला एक गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे सराव. रोजची प्रार्थना, वर्षातून एकदा वारी, चुकल्यावर कान धरणारी मंडळी, पंक्तीत शेजारी कोण बसतो ते न विचारण्याची सवय. मला देवासमोर उभं राहिलं की दिवसभरात कुणाशी वाकडं वागले ते आठवतं. देव नसता तर मला ते चूक वाटलंच नसतं असं नाही, पण थांबून आठवायला मी वेळ काढला असता का, याची मला खात्री नाही. तुम्हाला तो वेळ मुद्दाम काढावा लागेल. रात्री जेवताना मुलासमोर तुम्ही स्वतः सांगा की आज मी अमक्यावर विनाकारण चिडले, उद्या त्याला सांगणार आहे. मग खरंच सांगा. मुलगा बघत असतो.

आता तुम्ही विचारलेल्या गोष्टी. श्रद्धेचं सोंग आणू नका. नऊ वर्षांच्या मुलाला सोंग कळतं, आणि ज्या खरेपणासाठी तुम्ही ते आणाल त्याचीच त्यात वाट लागेल. शुभंकरोतीला मात्र खुशाल बसा. दिवेलागणीला आजोबा आणि नातू शेजारी बसून एका सुरात म्हणतात त्यात जाऊन बसणं हे खोटं बोलणं नव्हे. तोंडाने म्हणावंसं वाटलं नाही तर नुसतं ऐका. त्याने विचारलं, आई तू हात का जोडत नाहीस, तर सांगा, "आजोबांना वाटतं देव आहे, मला तसं वाटत नाही, तू मोठा होशील तसा तुझं तू ठरव." आवाज साधा ठेवा, आणि आजोबांना खुळचट ठरवणारा एकही शब्द त्यात येऊ देऊ नका. बाबांनाही एक विनंती करा, की 'आईला देव नाही म्हणून आईला पाया नाही' असं त्याच्यासमोर म्हणू नये. त्याच्यासमोर ते असं म्हणाले असं तुमच्या पत्रात नाही, रात्री एकटीला म्हणाले. त्यावरून ते ही विनंती मानतील असं मला वाटतं.

काट्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याला अजून मिळालेलं नाही, ते द्या. एखाद्या सकाळी दुकानात त्याला गल्ल्याच्या बाजूला नव्हे, समोर गिऱ्हाइकाच्या बाजूला उभं करा. रोजंदारीवरून येऊन पाव किलो डाळ, शंभर ग्रॅम तेल घेणाऱ्या बाईच्या शेजारी. नंतर त्याला विचारा, त्यातली पंचवीस ग्रॅम डाळ आपण काढून घेतली असती तर तिच्या घरी काय झालं असतं? तिला कळलं नसतं तर चाललं असतं का? त्याला बोलू द्या, मध्ये सुचवू नका. तो म्हणाला, 'देव बघतो', तर नाही म्हणू नका, विचारा, 'आणि देव झोपला असेल तर?' आजोबा शेजारी असले तर उत्तमच. आकडा गिऱ्हाइकाकडे फिरवायचा नियम त्यांनी का घातला ते त्यांच्याच तोंडून ऐकवा. बघणारा पांडुरंग पुरेसा असता तर तो आकडा फिरवायची गरज नव्हती. गिऱ्हाइकाला स्वतः बघता यावं, चूक असेल तर बोट ठेवता यावं, हा त्याचा हक्क आहे हे बाबांना पक्कं कळलेलं आहे.

वारीला पाठवा. चार मुक्काम चालेल तो, आजोबांचा हात धरून, अनोळखी माणसांच्या ताटात जेवेल, कुणी कुणाच्या पाया पडतंय ते बघेल. शक्य असेल तर एखादा मुक्काम तुम्हीही जा. तुमची श्रद्धा नसली तरी तिथल्या माणसांबद्दल तुम्हाला आदर आहे हे त्याने बघितलेलं बरं. पावसाचे दिवस असतात, मुलाच्या पायांची काळजी घ्या आणि बाबांचं वय किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा त्यांच्या दिंडीतल्या कुणा तरुण माणसाचा फोन नंबर जवळ ठेवा.

एक गोष्ट मात्र पत्रात मला खटकली. तुमच्या पतींचा उल्लेख दुकानापुरता आहे. त्यांना काय वाटतं, ते देव मानतात की नाही, त्या रात्री ते कुठे होते, काहीच नाही. तुम्ही आणि सासरे या दोन टोकांमध्ये मुलगा उभा असताना त्याचे वडील गप्प राहिले तर तो ज्याचं पारडं जड दिसेल तिकडे कलेल, किंवा प्रत्येकाला आवडेल ते बोलायला शिकेल. हे पत्र त्यांना वाचायला द्या. मुलाला काय सांगायचं ते तुम्ही दोघांनी आधी आपसांत बोला, मत एक झालं नाही तरी चालेल, आणि मग दोघं मिळून बाबांपाशी जाऊन बसा.